फुटाला एक सूत

सोमवार. उद्यमनगर बंद.
समोरच्या फाउंड्रीची भट्टी थंड,
शटरला पाठ लावून कुत्रं झोपलंय.
पत्र्याखाली मी, इलाहीमामा,
आणि हा जुना कॉम्प्युटर,
ज्याच्या पंख्यात बारा वर्षांचा भुसा आहे.

मिलिंग मशीन तीन आठवडे नुसतं उभं.
बनवणारी कंपनी बुडाली, डोंगल हरवलं.
पुण्याचा इंजिनिअर चहा पिऊन म्हणाला,
मॅडम, नवा कंट्रोलर टाका. चार लाख.
तो गेल्यावर मामा म्हणाले,
चार लाखांत अख्खं मशीन आलं होतं की ओ,
टेम्पोभाड्यासकट.

मग कळलं, याचं सॉफ्टवेअर उघडं मिळतं.
फुकट. पण तयार नाही.
सोर्स घ्यायचा,
आपलं आपण ओतून घ्यायचं.

हे मला कुणी समजावायची गरज नव्हती.
आण्णा पॅटर्नमेकर.
सागवानी पुली, सागवानी पंपाचं घर,
त्यावरून वाळूत साचा, साच्यात लोखंड.
गिऱ्हाईक ओतीव घेऊन जायचं,
पॅटर्न माळ्यावर राहायचा, कुलपात.
ज्याचा पॅटर्न त्याचा धंदा,
असं सगळी गल्ली म्हणायची. आण्णासुद्धा.

रात्री नऊला कमांड दिली.
ओळी वर पळायला लागल्या,
मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
बारा टक्के. एकोणीस.
एकोणचाळीसला थांबलं: एक फाइल सापडत नाही.
रेंज फक्त शटरपाशी येते,
म्हणून मोबाईल कडीला बांधला सुतळीनं,
फाइल उतरवली, पुन्हा पहिल्यापासून.
एकसष्टला दुसरी.
मामा सतरंजीवर आडवे झाले,
म्हणाले, झालं की हाक मार रेवता, भट्टी सोडून जात न्हाई मी.

जागं राहायला सोर्स वाचत बसले.
अर्धंमुर्धं कळतं.
एका ठिकाणी नुसता आकडा, आणि शेजारी
कुणीतरी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेलं:
हा का लागतो ठाऊक नाही. काढू नका.
काढला की मशीन अडकतं.

माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला.

आण्णा प्रत्येक पॅटर्नच्या पोटाला
सुतारी पेन्सिलीनं लिहायचे:
आकस, फुटाला एक सूत जादा. घासू नये.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच मोठं ठेवायचं.
आकसाचा दुसरा अर्थ
काकांनी वाटणीत शिकवला.
माळा त्यांच्याकडे गेला, मशीन आमच्याकडे.
ती अक्षरं अजून असतील तिथंच,
अंधारात, पालथी.

पावणेचारला शंभर.
ना घंटा, ना काही. नुसता कर्सर,
जणू इतका वेळ काही झालंच नव्हतं.
मामांना उठवलं.
त्यांनी आधी मशीनला हात लावून तो छातीला लावला,
मग मेन स्विच टाकला.
स्पिंडल फिरलं.
टेबल सरकलं,
आणि सरकलं ते उलटं.
डावीकडे सांगितलं, उजवीकडे गेलं,
थेट माझ्या चहाच्या ग्लासावर.
मामा असे हसले
की बाहेरचं कुत्रं उठून भुंकायला लागलं.

ती ओळ शोधायला तासभर गेला.
एक वजा चिन्ह घातलं, एवढंच.
आणि शेजारी मराठीत लिहिलं:
आमचं मशीन उलटं चालतं, म्हणून वजा.
आधी हात लावून बघा, मग काढा.
रेवता सुतार, उद्यमनगर, कोल्हापूर.

कंपायलर हे वाचत नाही. गाळून पुढं जातो.
लाकडावरची पेन्सिलही
लोखंडात कधी उतरली नव्हती.

मामा ग्लासाच्या काचा गोळा करत होते.
मी पुन्हा कमांड दिली.
एक टक्का.